दहाव्या रिळातला महिपती

सोलापूर
रविवार, २४ नोव्हेंबर १९७४

त्रिंबक,

वर ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची रीत आहे. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तेव्हा हे असंच घे.

पावणेदोन वर्षांत तुझं पत्र नाही, माझंही नाही. महिपतीच्या दिवसांना तू आला नाहीस, तेव्हाच मी ठरवलं होतं की आता आपणहून लिहायचं नाही. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला आणि धाकटा भाऊ मुंबईत शूटिंग करत बसला, त्याला काय लिहायचं? आज लिहितोय ते तुमच्या सिनेमामुळे.

‘लाल बुर्ज’ दिवाळीतल्या शुक्रवारी आमच्या टॉकीजला लागला. रोजचे चार खेळ, चारही हाउसफुल्ल. गिरणीची पाळी सुटली की माणसं घरी न जाता थेट इकडे येतात. पंधरा वर्षं मी केबिनमध्ये मशीन चालवतोय. खून, दरोडे, नको नको ते सगळं माझ्याच हातानं पडद्यावर गेलंय. पण अशी शिसारी कधी आली नव्हती. तीन तास एक किल्ला आणि त्याला पडलेला वेढा, बस. बाहेरचे आत घुसायला बघतात, आतले वरून उकळतं तेल ओततात. तेल पडलेल्या माणसाची कातडी कशी सुटते ते जवळून दाखवलंय. एका सरदाराचं मुंडकं तोफेत घालून परत पाठवतात. तट फुटल्यावर आतल्या बायकांचं काय करतात ते मी लिहिणार नाही, तू तिथे हजर होतास. वेढा कशासाठी, कोण खरा, कोण खोटा, हे शेवटपर्यंत कळत नाही. बनवणाऱ्यालाही कळलं नसावं. लोक हे सगळं शेंगा खात बघतात. खेळ सुटल्यावर टरफलं झाडताना आमचा डोअरकीपर बिरप्पा म्हणतो, ‘‘रावसाहेब, मान तुटली की लोक जास्त खात्यात बघा.’’

आपल्या बोरगढीची गढी मी लगेच ओळखली. चार पडके बुरूज, पण कॅमेऱ्यानं त्यांना केवढं मोठं केलंय. समोरच्या माळावर ढाली घेऊन पळणारी दोनशे माणसंही ओळखली. त्र्याहत्तरचा दुष्काळ, गावात खडी फोडायचं काम चालू, आणि तू फाइट मास्तरचा असिस्टंट म्हणून जीपमधून उतरलास. ज्यांच्या हातात हातोडे होते त्यांच्या हातात तुम्ही भाले दिलेत. सगळ्यांच्या बरगड्या दिसतात पडद्यावर. मेकअप करावाच लागला नसेल.

दहाव्या रिळात शिड्या लावून लोक बुरुजावर चढतात. वरचे एक शिडी ढकलतात. शेंड्याचा माणूस पाठीवर पडतो. तिथे कटच नाही. कॅमेरा त्याच्याजवळ जातो. बाकीचे त्याच्यावरून उड्या मारत पुढे पळतात. तो एक हात वर करतो, थोडा वेळ तसाच धरतो आणि मग हळूच खाली ठेवतो. हात खाली गेला की थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. टोप्या उडतात.

तो महिपती आहे. काल सहाच्या खेळाला माझ्या ध्यानात आलं.

तू पंचनाम्यात काय लिहून दिलंस ते मला पाठ आहे. शूटिंग बंद होतं, जेवणाची सुट्टी होती, मयत दारूच्या नशेत आपणहून बुरुजावर चढला, तोल जाऊन पडला. खाली तुझी सही. साक्षीदार, मयताचा मेहुणा.

सुट्टी होती, तर कॅमेरा कुणी चालवला?

रावसाहेब


सोलापूर
सोमवार, २ डिसेंबर १९७४

त्रिंबक,

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. चार ओळी. ‘आण्णा, जे झालं ते झालं. तेवढा तुकडा कापून टाक, कुणाला कळत नाही, सगळे ऑपरेटर करतात. आक्काला सिनेमा दाखवू नकोस.’ माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नाही. कापायचं कसं तेवढं मात्र नीट लिहिलंयस.

मी कापलं. तू सांगितलंस म्हणून नव्हे. रविवारी अख्खी बोरगढी सिनेमा बघायला येणार असा निरोप आला, आणि त्यात आपली केसर, तुझी आक्का, होती.

रविवारी सकाळी लवकर येऊन दहावं रीळ काढलं. सतरा फूट भरलं. दोन टोकं खरवडून फिल्म जोडायच्या सिमेंटनं चिकटवली. आणि तो तुकडा फेकून द्यायचा सोडून मी केबिनच्या खिडकीशी उजेडात धरला. कशाला धरला, कोण जाणे. मशीनवर तो तुकडा अकरा सेकंदांत निघून जातो. हातात घेतला की एकेक चित्र थांबून राहतं. भिंग लावून मी शेवटपर्यंत बघितलं.

पडलेल्या महिपतीशेजारी एक शिपाई उभा आहे. बाकीचे सगळे पळतात, हा एकटा उभा. डोक्यावर लोखंडी टोप, दाढी चिकटवलेली, ढाल खाली टेकवलेली. महिपतीचा हात त्याच्याकडे वर झालाय. हा खाली बघून तोंडानं काहीतरी बोलतो, मग कॅमेऱ्याकडे बघतो आणि मागच्यांना हातानं खूण करतो, चला, चला, पुढे चला. ती खूण करायची पद्धत मी तुझ्या लहानपणापासून बघतोय. बैल पाण्यावर नेताना तू अशीच करायचास.

मी खिडकीतून बाहेर ओकलो. खाली सायकल स्टँड आहे. बिरप्पा वर धावत आला, म्हणाला, ‘‘मशीनच्या कार्बनचा धूर लागला काय?’’ मी हो म्हटलं.

तीनच्या खेळाला गाव आलं. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. आपण पडद्यावर दिसतो की नाही म्हणून पुरुष माना उंच करून बसले होते. माळावर फौज धावायला लागली तसा खाली गलका झाला. ‘‘त्यो बघ गुंडा! आरं त्यो मी हाय, मी!’’ आणि दहावं रीळ आलं. शिडी ढकलली, पुढच्या क्षणी तटाचा दरवाजा फुटला. मधलं काही नाही. मला वाटलं, निभावलं.

मध्यंतर होऊन गेलेलं, खेळ चालू, तरी केसर लोखंडी जिना चढून वर आली. केबिनमध्ये बाईमाणूस कधी आलं नव्हतं. बिरप्पा अडवायला लागला तर त्याला बाजूला सारून दारात उभी राहिली.

‘‘आण्णा, माजा माणूस कुटं हाय?’’

मी म्हटलं, ‘‘काय बोलतेस केसर?’’

‘‘गुंडाची बायकू परवा बगून गेली. म्हनली, तुजा मालक बुरजावरनं पडताना दिसतोय, जवळनं दिसतोय. मी डोळं फाडून बगत हुते. त्यो न्हाई त्यात.’’

‘‘तिला कुणी दुसरा वाटला असंल.’’

मशीनचा आवाज चालू होता. ती हळू बोलली, ‘‘तू कापलास की न्हाई, तेवडं सांग.’’

मी खाली बघितलं. तिला तेवढं पुरलं. जिना उतरून गेली आणि गावाबरोबर एस.टी.नं परत गेली. मला उगाच वाटलं की ती रडेल. ती रडली नाही.

तू महिपतीला काय म्हणालास, त्रिंबक? सिनेमात तिथे फक्त ‘मारो, काटो’ भरलंय.

रावसाहेब


सोलापूर
गुरुवार, ५ डिसेंबर १९७४

त्रिंबक,

तुझं दुसरं पत्र नाही. मी वाट बघत नाही, असं समजू नकोस.

तो तुकडा पुन्हा रिळात आहे. कसा, ते ऐक आणि तुझ्या डायरेक्टरला सांग, त्याला आनंद होईल. सोमवारी सहाच्या खेळाला दहावं रीळ संपलं आणि पब्लिकनं खुर्च्या वाजवायला सुरुवात केली. ‘‘पडायचा सीन कापला! पैसे परत द्या!’’ दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला बघणारे लोक होते. ते तेवढ्यासाठीच आले होते. मॅनेजर चनबसप्पा धापा टाकत वर आले. वाईट माणूस नाही, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा लालबुंद होता. म्हणाले, ‘‘रावसाहेब, फाटला असेल तर सांगा, दुसरं रीळ मागवू. तुम्ही कापला असेल तर आत्ता जोडा. त्या एका सीनवर आठवडा चाललाय.’’

मी सांगितलं, तो माझ्या बहिणीचा नवरा आहे आणि तो तिथे खरोखर मरतोय. ते म्हणाले, ‘‘सेन्सॉरनं पास केलाय की हो.’’ आणि खाली गेले.

मी जोडला. नऊच्या खेळाला शिट्ट्या परत चालू.

मंगळवारी सकाळी केसर एकटी आली. टॉकीज बंद होतं, मी झाडून घेत होतो. भाकरी बांधून आणली होती तिनं. मला म्हणाली, ‘‘आदी खा. मग दाव.’’ मी खाल्ली नाही. दहावं रीळ काढलं, तो भाग सापडेपर्यंत हातानं फिरवला, खिडकीशी धरला, तिच्या हातात भिंग दिलं.

तिला भिंग धरता येईना, मागे-पुढे करत राहिली. मग एकदम जमलं. नंतर किती वेळ गेला मला माहीत नाही. तिनं एकेक चित्र बघितलं, माझ्याकडे न बघता नुसतं बोट हलवून सांगायची, पुढं. पुढं. खाली रस्त्यावर टांगे चालले होते.

‘‘उभा हाय त्यो त्रिंबक न्हवं?’’

मी हो म्हटलं.

‘‘आन् ह्ये काय बोलाय लागल्यात?’’ ती महिपतीचं तोंड दाखवत होती. एका चित्रात मिटलेलं, चार चित्रं सोडून उघडलेलं. ‘‘आण्णा, त्यो बोलतूया. प्याल्याला माणूस असा बोलतो? नीट बोलतूया बग.’’

मग तिनं जे सांगितलं ते तुला कळायला हवं. महिपती दारू पिऊन मेला हे गावानं मान्य केलं, कारण तू, मेहुणा, सांगितलंस. महिपतीनं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता, तो माझ्या वर्गात होता, मला माहीत आहे. पण खुद्द मीसुद्धा तेव्हा मनात म्हटलं, दुष्काळात माणूस कसा वागेल सांगता येत नाही. त्याच्या आईनं, बजाबाईनं, त्या दिवसापासून देवळात जायचं सोडलं. केसर पाण्याला गेली की बायका म्हणतात, दारुड्याची बायको आली. पोराला शाळेत तेच. पावणेदोन वर्षं. आपल्याला ही बोललीसुद्धा नाही.

जाताना तिनं विचारलं, ‘‘तुला कवापास्नं ठाव हाय?’’

मी म्हटलं, आठवडा झाला.

खोटं बोललो. तुलाही खोटं लिहिलं होतं, काल सहाच्या खेळाला ध्यानात आलं म्हणून. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिल्या खेळाला तो माणूस पडला तेव्हा मी बिरप्पाला हाक मारली होती, ‘ये ये, हे बघ, काय जबरा पडलाय!’ माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. दुसऱ्या खेळाला मी मुद्दाम खिडकीशी उभा राहिलो, परत बघायला म्हणून, आणि तेव्हा चेहरा ओळखला. त्यानंतर नऊ दिवस कुणाला सांगितलं नाही. वेळेवर मशीन चालू केलं, वेळेवर रीळ बदललं. का, ते विचारशील. सांगितलं तर काहीतरी करावं लागलं असतं म्हणून. आणि आणखी एक. खडी फोडण्यापेक्षा शूटिंगला जा, सावलीत बसायला मिळतं, असं महिपतीला मीच म्हणालो होतो. त्याची जायची इच्छा नव्हती.

तुझ्या कामाची मला किळस येते. पण हे लिहिताना माझ्या हातांचीही येते.

रावसाहेब


सोलापूर
बुधवार, ११ डिसेंबर १९७४

त्रिंबक,

नोकरी गेली. आधी तेवढं सांगून टाकतो.

शनिवारी तीनच्या खेळाला केसर आली. मला सांगितलं नाही, तिकीट काढून लेडीजमध्ये बसली. केबिनच्या भोकातून मला खालची डोकी तेवढी दिसतात. दहावं रीळ चढवलं. शिडी ढकलली, महिपती पडला, शिट्ट्या सुरू झाल्या आणि पडद्यावर एक सावली हलली. कुणीतरी पुढे जाऊन उभं राहिलं होतं. महिपतीचा हात तिच्या पाठीवर, डोक्यावर पडत होता. लुगड्यावरून ओळखलं.

मी मशीनचं झाकण पाडून चित्र बंद केलं आणि दिवे लावले. नियमात बसत नाही ते. पण तिला अंधारात कुणी ऐकलं नसतं.

ती काही मोठ्यानं ओरडली नाही. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. ‘‘शिट्ट्या मारू नगासा. त्यो पडल्याला खरा पडलाय. त्यो माजा मालक हाय. बोरगढीचा हाय, महिपती नाव त्याचं. त्यो प्याला नव्हता. त्याला जित्ता असताना कुणी उचलला न्हाई. तुमी हसू नगासा.’’

शिट्ट्या थांबल्या. मला वाटलं, झालं, आता ही माणसं उठून जातील. काही गेलीसुद्धा. लेडीजमधल्या पाच-सहा जणी, दोन म्हातारे विणकर, आणि पुढच्या रांगेतला एक गिरणीवाला, त्यानं जाताना केसरला हात जोडले. बाकीचे बसून राहिले. मग मागून एकजण, ‘‘ओ मावशी, बाजूला सरा की, दिसंना झालंय.’’ हशा पिकला. दुसरा म्हणाला, ‘‘कंपनीनं पाठवलीय, जाहिरात हाय.’’ मग सगळ्यांनी एका सुरात, चालू करा, चालू करा.

मी चालू केलं नाही. चनबसप्पांनी दुसऱ्या ऑपरेटरला घरून बोलावून आणलं. तो येईपर्यंत मी केसरला घेऊन बाहेर पायरीवर बसलो होतो. त्यानं दहावं रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. बाहेर पायरीपर्यंत आम्हाला शिट्ट्या ऐकू आल्या, आधीपेक्षा मोठ्या. केसरनं माझं मनगट धरलं होतं. तिथे अजून काळंनिळं आहे.

आणि अजून ऐक. रविवारपासून दाराबाहेरची गर्दी दुप्पट झालीय. शहरभर झालंय की ‘लाल बुर्ज’मध्ये खरा माणूस मरताना दिसतो. चौकात ब्लॅकवाले तेच ओरडून तिकीट विकतात. बिरप्पानं येऊन मला हे सांगितलं आणि माझ्या ओट्यावर थुंकला. मग ओशाळून स्वतःच पाणी टाकलं. मी म्हटलं, राहू दे, बरोबर थुंकलास. आम्हाला वाटलं होतं, खरं काय ते कळलं तर त्यांना लाज वाटेल. त्यांना खरं कळलं आणि त्यांनी आणखी तिकिटं काढली.

सोमवारी केसरला घेऊन तालुक्याच्या ठाण्यावर गेलो. फौजदार नवीन आहेत, म्हातारे, बोलायला सरळ. जुना कागद काढून वाचला. म्हणाले, ‘‘बाई, सिनेमात रोज शंभर माणसं पडतात. सिनेमा दाखवून मला काही करता येत नाही. पण हा जबाब देणारा माणूस तुमचा भाऊच आहे ना? तो म्हणाला, मी खोटं लिहिलं, तर कागद पुन्हा उघडतो. तोपर्यंत तुमचा नवरा दारू पिऊनच पडलाय.’’

आता खाली लिहितो ते केसरचं आहे. ती समोर बसून सांगतेय, मी जसंच्या तसं उतरवतोय.

‘‘त्रिंबक, तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं. तुला मी शिव्या देत न्हाई. मला दोन गोष्टी सांग. त्यास्नी पडल्यावर तू काय बोललास? आन् त्ये तुला काय बोललं? तूच जवळ हुतास, दुसरं कुणी न्हाई. मला रातंदिस ध्यास एकच हाय, त्येंच्या तोंडचं शेवटचं काय हुतं. माजं नाव घेतलं का न घेतलं, मला राग न्हाई. पण खरं लिव. खोटं लिवलंस तर मला कळंल, मी तोंड बगितलंय त्येंचं, एकेक.’’

रावसाहेब


सोलापूर
रविवार, २९ डिसेंबर १९७४

त्रिंबक,

तुझं सहा पानी पत्र मंगळवारी आलं. रजिस्टर केलं होतंस. मी दार लावून एकट्यानं वाचलं, मग बोरगढीला जाऊन केसरला वाचून दाखवलं. बजाबाई शेजारी बसली होती. तिला ऐकू कमी येतं, पण ती उठून गेली नाही.

तू लिहिलंस ते असं. शिडीखाली आदल्या दिवशी कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या होत्या. सकाळी बघितलं तर निम्म्या नव्हत्या, गावच्याच लोकांनी उपाशी जनावरांसाठी नेल्या होत्या. उरलेल्या कॅमेऱ्यात दिसतात म्हणून डायरेक्टरनं काढायला लावल्या. मास्तर म्हणाला, दहा-बारा फूट तर आहे. तू म्हणालास, दाजी, शेंड्यावर तुम्ही चढा, मी घरचा माणूस आहे, दगा व्हायचा नाही. तो चढला. पडला. तो उठत नाही हे तुला कळलं. डायरेक्टर कॅमेऱ्यामागून ओरडला, कट करू नका, हे सोनं आहे. आणि महिपती तुला म्हणाला, ‘त्रिंबका, कमरंखाली कायच कळंना झालंय. त्यास्नी थांबीव की.’

आणि तू म्हणालास, ‘दाजी, हालू नका. शॉट चालू हाय.’

म्हणून त्यानं हात खाली ठेवला.

इथवर वाचलं. केसर म्हणाली, ‘‘परत वाच.’’ परत वाचलं. ती म्हणाली, ‘‘खरं लिवलंय. असंच तोंड हाय त्येंचं.’’ आणि मग, ‘‘आयकलं की त्येंनी आपल्या त्रिंबकचं. मरताना बी पाव्हण्याचं आयकलं.’’ मग मात्र ती रडली. बजाबाईनं विचारलं, काय झालं? केसर तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, ‘‘आत्या, त्ये प्यालं नव्हतं! त्रिंबकनं लिवून दिलंय, प्यालं नव्हतं!’’ म्हातारी म्हणाली, ‘‘मला ठाव हुतं. पण मला कोन इचारतंय?’’

शेवटच्या पानावर तू लिहिलंयस, शॉट संपल्यावर जीपमधून नेईपर्यंत तो गेला होता, कंपनीनं सांगितलं तसं तू लिहून दिलंस, नाहीतर तुझं नाव सगळीकडून कापलं गेलं असतं. ‘हे फक्त तुला भाऊ म्हणून लिहिलंय आण्णा, वाचून फाडून टाक.’ खाली तुझी सही, तारीख, मुंबईचा पत्ता.

मी फाडलं नाही.

तू विश्वासानं लिहिलंस आणि मी ते पोलिसात दिलं. हे करताना मला बरं वाटलं असं समजू नकोस. आईनं मरताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. गुरुवारी अख्खी वाट मी ते पाकीट खिशात दाबून धरलं होतं. ठाण्याच्या फाटकाशी मी केसरला म्हणालो, अजून परत फिरता येईल, त्याची नोकरी जाईल, कदाचित आत जाईल. ती म्हणाली, ‘‘त्यो माजा बी भाऊच हाय, आण्णा. पण त्येनं सही कुटं केलीय बग. आजवर एकाच कागदावर व्हती, आता दुसऱ्यावर बी हाय. कुटली खरी, त्ये सरकारनं ठरवावं.’’ आणि माझ्या पुढे चालायला लागली.

फौजदारांनी सहा पानं दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. मग केसरचा नवा जबाब स्वतः लिहायला बसले. तास लागला. मी सोलापुरातून बिरप्पालाही नेलं होतं, त्यानंही पडद्यावर काय दिसतं ते सांगितलं. कागद पुरा झाल्यावर हवालदारानं शाईचं पॅड पुढे केलं. केसर म्हणाली, ‘‘आदी वाचून दावा.’’ फौजदारांनी वाचलं. मयत महिपती हा घटनेच्या वेळी दारू प्यालेला नव्हता, हे वाक्य आलं तसा तिनं हात वर केला.

‘‘तेवडं परत वाचा सायब.’’

त्यांनी वाचलं.

‘‘आजून एकदा.’’

हवालदार हसला. फौजदार हसले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं, सावकाश, एकेक शब्द. मग तिनं अंगठा उठवला.

तुला समन्स येईल, आठ-पंधरा दिवसांत. तुमच्या मास्तरला आणि त्या डायरेक्टरलाही येईल, ते वकील पाठवतील. तुझ्याकडे वकील नाही, तू स्वतः ये. खरं आहे तेच बोल, त्या सहा पानांत लिहिलंस तसं. तेवढं केलंस तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन, जे होईल त्याला दोघं.

केसरनं निरोप सांगितलाय. आलास की आधी ठाण्यावर जा, मग घरी ये. जेवायला थांबते म्हणाली. आधी घरी आलास तर ती दार उघडणार नाही.

तुझा
आण्णा